प्रतिपिंडाचा पडताळा

(सरस्वतीपुरम, म्हैसूर येथे मराठी श्रोत्यांपुढे अनुवादकाने केलेले भाषण)



आज आपण ज्यासाठी येथे जमलो आहोत, त्याला या नगरीत ‘उपन्यास’ म्हणतात. कन्नडमध्ये उपन्यास म्हणजे व्याख्यान. हाच शब्द हिंदी भाषिकाच्या कानी पडला, तर तो कादंबरीची अपेक्षा करील. रूप जुळले की ओळख पटली, असे मानणाऱ्या अनुवादकाची अशा ठिकाणी फसगत होते. प्रस्तुत ग्रंथातील प्रतिपिंडांविषयीचे प्रकरण मराठीत आणताना मला या शब्दाची वारंवार आठवण झाली. कारण प्रयोगशाळेतही नेमकी अशीच फसगत होत असते.

शरीर परक्या पदार्थाविरुद्ध जे प्रथिन निर्माण करते, ते प्रतिपिंड; ज्या पदार्थाला ते चिकटते, तो प्रतिजन. मात्र प्रतिपिंडाला सबंध प्रतिजनाची ओळख नसते. त्याच्या पृष्ठभागावरील एखादा लहानसा भाग तेवढा त्याला ओळखता येतो. 1975 साली कोहलर आणि मिल्स्टाइन यांनी एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तितके मिळविण्याची रीत शोधून काढली. पुढे हे द्रव्य बाजारात कुपीतून मिळू लागले. ऊतीच्या पातळ कापावर ते टाकावे, रंग उमटला की तेथे अपेक्षित प्रथिन आहे असे समजावे, असा परिपाठ पडला. परंतु तो रंग त्याच प्रथिनाचा कशावरून?

या प्रश्नाचे एक उत्तर म्हणजे पुनर्संयोजित प्रतिजन. मानवी जनुकाचा एक तुकडा जीवाणूमध्ये घातला, की जीवाणू त्या तुकड्याबरहुकूम प्रथिन घडवितो. ते शुद्ध करून प्रतिपिंडापुढे ठेवावयाचे. ते चिकटले नाही, तर तो नकार फार मोलाचा असतो. टोरांटो येथील डायमँडिस यांच्या प्रयोगशाळेची हकीकत प्रसिद्ध आहे. स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे चिन्ह म्हणून सीयूझेडडी1 या प्रथिनाचा शोध त्यांनी विकतच्या चाचणीसंचाच्या आधारे चालविला होता. दोन वर्षे आणि सुमारे पाच लाख डॉलर खर्ची पडल्यावर आढळले, की तो संच सीए125 हे निराळेच प्रथिन ओळखत होता. असा संच हाती येताच शुद्ध प्रथिन मोजून त्याच्यापुढे ठेवणे हे काम थोड्या दिवसांचे आहे.

होकार मात्र तितका निर्णायक नसतो. घरोघरी ठाऊक असलेल्या गर्भधारणा चाचणीचेच उदाहरण घेऊ. ही चाचणी एचसीजी हे संप्रेरक शोधते. या संप्रेरकाच्या दोन साखळ्या असतात. पैकी अल्फा साखळी एलएच या दुसऱ्या संप्रेरकातही असते, आणि एलएच तर गर्भ नसतानाही स्त्रीच्या शरीरात असतेच. समजा, एखादे प्रतिपिंड अल्फा साखळीला चिकटणारे आहे. शुद्ध एचसीजीपुढे ते खुशाल चिकटेल आणि परीक्षेत उत्तीर्ण होईल. ते आधीच एचसीजीत मिसळून निष्प्रभ केले, तर नंतर एलएचलाही चिकटणार नाही. रंग नाहीसा झाला, म्हणून परीक्षकाचे समाधान होईल. तथापि गर्भ नसलेल्या स्त्रीला ते गर्भ असल्याचे सांगू शकेल. म्हणूनच आजच्या चाचण्यांत वेगळेपणा राखणाऱ्या बीटा साखळीवर भर असतो. आणखी एक गोष्ट अशी, की परीक्षानळीतील शुद्ध प्रथिन आणि फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या ऊतीतील प्रथिन यांची ठेवण सारखीच राहते असे नाही.

ही मर्यादा ओळखून केलेले मोठे काम म्हणजे माथियास उलेन यांनी 2003 साली स्वीडनमध्ये आरंभिलेला मानवी प्रथिनांचा नकाशासंग्रह. त्यात इतर मानवी प्रथिनांशी कमीत कमी साम्य असलेला तुकडा आधी निवडला जातो. सशाच्या रक्तद्रवातील प्रतिपिंडे त्याच तुकड्यावरून गाळून वेगळी काढतात आणि मग 384 निरनिराळ्या तुकड्यांच्या ठिपक्यांपुढे ठेवतात. आपला ठिपका ओळखणे पुरेसे नाही. बाकीचे सोडून देणेही आवश्यक. एवढ्यावरही न थांबता ऊतींचे काप रंगविले जातात. या चित्रांपैकी पुष्कळांचे वाचन आपल्या मुंबईत, डॉ. संजय नवानी यांच्या नेतृत्वाखालील विकृतिशास्त्रज्ञांनी केले. कोणत्या पेशीत रंग आहे, किती गडद आहे, हे अखेर माणसाच्या डोळ्यांनीच ठरविले. विकतच्या पाच हजारांहून अधिक प्रतिपिंडांची या प्रकल्पाने परीक्षा केली, तेव्हा जेमतेम निम्मी उपयोगी ठरली.

2016 साली उलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पडताळ्याचे पाच मार्ग सुचविले. त्यांतला एक मला विशेष बोलका वाटतो : ज्या पेशींतून ते जनुकच काढून टाकले आहे, त्यांवर प्रतिपिंड टाकून पाहावे. प्रथिन नसतानाही रंग उमटला, तर साक्षीदार खोटा.

आता माझ्या कामाविषयी थोडे. मूळ इंग्रजी वाक्यातील क्रियापदाला कोशात ‘सिद्ध करणे’ हा अर्थ मिळतो, आणि पहिल्या खर्ड्यात मी तोच घातला होता. पुनर्संयोजित प्रतिजनाने विशिष्टता सिद्ध झाली, असे ते वाक्य झाले. वाक्य शुद्ध होते, पण वाचकाला त्यातून वाजवीपेक्षा अधिक आश्वासन मिळत होते. म्हणून छापताना सर्वत्र ‘पडताळणे’ हा शब्द योजला आहे. तो वाचताना आपण दोन प्रश्न मनात ठेवावेत, एवढीच विनंती : या प्रतिपिंडाने जे ओळखावयाचे ते ओळखले काय, आणि जे ओळखावयाचे नाही ते सोडले काय? पहिल्याचे उत्तर शुद्ध प्रतिजन देतो. दुसऱ्याचे उत्तर लेखकाने कोठे दिले आहे, ते त्या प्रकरणात शोधावे. आणि सापडले नाही, तर निष्कर्ष राखूनच स्वीकारावा.