शिरस्त्राणाची निवड : काही व्यावहारिक विचार

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चालकांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा शिक्षण, संस्कार अथवा ज्ञातीचे ऐक्य यांपैकी एखादा विषय आम्ही घेऊ, अशी त्यांची अपेक्षा असावी. ते विषय थोर आहेत, आणि याच व्यासपीठावरून अधिकारी वक्त्यांनी त्यांवर विचार मांडले आहेत. आम्ही आज एका लहानशा वस्तूविषयी बोलणार आहोत. ती वस्तू म्हणजे मोटारसायकलवर बसताना डोक्यात घालावयाचे शिरस्त्राण, ज्याला आपण सारे हेल्मेट म्हणतो. आम्ही जन्मभर मुलांच्या डोक्यात दोन अक्षरे घालण्याचा उद्योग केला. ते डोकेच शाबूत राहिले नाही, तर त्या अक्षरांचा उपयोग काय? म्हणून हा विषय आम्हांस शिक्षणाच्या विषयाहून निराळा वाटत नाही.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन आपला नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. तेव्हापासून आपल्या डोळ्यांदेखत दारोदार मोटारसायकल आली. शेतावर जाणे, मिरची बाजारात नेणे, मुलीला परीक्षेच्या केंद्रावर पोहोचविणे, सारंगखेड्याची यात्रा, नातेवाइकांचे लग्न, ही सारी कामे त्या दोन चाकांवर होतात. ही सोय मोठी आहे आणि तिच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु तोरणमाळचा चढ, तळोद्याहून धडगावकडे जाणारा चांदसैलीचा घाट आणि नवापूरच्या वाटेवरील कोंडाईबारी यांची वळणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या सोयीची दुसरी बाजू सांगावयास नको. रात्री मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली समोर उभी ठाकली म्हणजे सपाट रस्ताही घाटासारखाच होतो.

आता एक आकडा ऐकावा. सन २०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ५०,०२९ जणांच्या डोक्यात शिरस्त्राण नव्हते, अशी केंद्र सरकारच्या अहवालात नोंद आहे. आणि या पन्नास हजारांपैकी १४,३३७ जण गाडी चालवीत नव्हते, मागे बसले होते. मागे बसणारे म्हणजे कोण? बहुधा आपल्या लेकी-सुना, आपल्या मातोश्री, शाळेत निघालेली आपली मुले. घरातील कर्ता तरुण गेला म्हणजे त्या घराचे काय होते, हे या सभेत बसलेल्या कित्येक कुटुंबांना ठाऊक आहे. आम्ही कोणाची जखम उघडी करू इच्छित नाही. परंतु ती पुन्हा दुसऱ्या घरी होऊ नये, एवढीच आमची तळमळ आहे.

शिरस्त्राणाच्या प्रसाराशीही एका मृत्यूची कथा जोडलेली आहे. अरबस्तानातील कामगिरीमुळे प्रसिद्धीस आलेले इंग्रज अधिकारी टी. ई. लॉरेन्स हे मे १९३५ मध्ये मोटारसायकलवरून पडले आणि काही दिवसांनी डोक्याच्या इजेने वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. त्या मृत्यूने ते अस्वस्थ झाले. पुढे महायुद्धात लष्कराचे निरोप नेणाऱ्या स्वारांच्या अपघातांचा त्यांनी अभ्यास केला, १९४१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि लष्करी स्वारांना शिरस्त्राण सक्तीचे झाले. नंतरच्या अभ्यासांचा एकत्र विचार करून तज्ज्ञांनी काढलेला हिशेब असा आहे की, शिरस्त्राणामुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

हे घडते कसे, तेही समजून घ्यावे. कारण हे समजले म्हणजे खरे आणि खोटे यांतील भेद दुकानात आपोआप कळतो. शिरस्त्राणाचे मुख्य भाग चार. बाहेरचे कठीण कवच, त्याच्या आत थर्माकोलसारख्या पदार्थाचा जाड थर, त्याच्या आत कापडाची मऊ गादी, आणि हनुवटीखाली बांधावयाचा पट्टा. पुष्कळांची समजूत अशी की कवच जितके टणक तितके संरक्षण अधिक. वास्तविक प्राण वाचविण्याचे मोठे काम तो साधा दिसणारा थर करतो. डोके दगडावर आदळले तर ते क्षणात थांबते, आणि आतील मेंदू कवटीवर आपटतो. मधला थर चेपला गेला म्हणजे डोके दोन-तीन सेंटिमीटर पुढे सरकत सरकत थांबते, व धक्का कितीतरी सौम्य होतो. वरून पडणारे मूल फरशीवर पडावे की कडब्याच्या गंजीवर, इतका हा फरक आहे. ज्या टोपीत हा थरच नाही, ती कवच कितीही चकाकत असले तरी शिरस्त्राण नव्हे.

काही जण म्हणतात, "गुरुजी, आम्ही शेतापर्यंतच तर जातो, वेगही बेताचा असतो." त्यांना आम्ही गणित करून दाखवितो. उभ्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवरून, म्हणजे सुमारे १.६ मीटरवरून पडणारी वस्तू जमिनीवर आदळते तेव्हा तिचा वेग ताशी २० किलोमीटर इतका झालेला असतो. गाडी उभी असली तरी हा वेग चुकत नाही. म्हणजे गावाच्या वेशीवर कुत्रे आडवे आले आणि गाडी घसरली, तरी कवटी फुटण्यास तेवढे पुरेसे आहे.

आता खरेदीचा विचार करू. सारंगखेड्याच्या बाजारात आपण घोडा घेतो तेव्हा त्याचे दात पाहतो, खूर उचलून पाहतो, चालवून पाहतो. बैल घेताना दहा माणसांना विचारतो. मिरची घेणारा व्यापारी ती हातात घेऊन, मोडून पाहतो. मग ज्याच्यावर आपल्या मुलाचे प्राण अवलंबून, ती वस्तू रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेली पाहून, केवळ पोलिसांच्या भीतीने, दीडशे रुपयांत उचलावी हे शहाणपण कसे म्हणावे? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी म्हण आहे. आपण तिची उलटी तऱ्हा केली आहे. लाखाची गाडी आणि दीडशेची टोपी!

पहिली गोष्ट, आय. एस. आय. खूण पाहावी. दुचाकीच्या शिरस्त्राणासाठी भारतीय मानक आयएस ४१५१ हे आहे. १ जून २०२१ पासून या खुणेवाचून दुचाकीचे शिरस्त्राण तयार करणे व विकणे यास कायद्याने मनाई आहे. खुणेच्या वर मानकाचा हा क्रमांक आणि खाली कारखान्याचा परवाना क्रमांक, जो सीएम/एल या अक्षरांनी सुरू होतो, तो असला पाहिजे. परंतु खोटी खूण चिकटविणारेही पुष्कळ आहेत. म्हणून मुलांच्या हातातील मोबाइलवर भारतीय मानक ब्यूरोचे ‘बीआयएस केअर’ हे ॲप घ्यावे व तो क्रमांक त्यात घालून पाहावा. कारखान्याचे नाव आणि वस्तूचे नाव जुळले तरच पैसे मोजावेत. आतील चिठ्ठीवर तयार केल्याचा महिना व वर्षही पाहावे. बांधकामावरील कामगाराची टोपी किंवा क्रिकेटचे शिरस्त्राण या कामास चालत नाही.

दुसरी गोष्ट मापाची, आणि आमच्या मते हिच्याकडेच सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. शिंप्याची फीत घ्यावी, भुवयांच्या वर सुमारे एक इंच ठेवून डोक्याच्या सर्वांत रुंद भागाभोवती फिरवावी. आलेले माप ५८ सेंटिमीटर असेल तर ५८० मिलिमीटरचे शिरस्त्राण मागावे; आपल्याकडे ५६०, ५८०, ६००, ६२० अशी मापे छापलेली असतात. परंतु डोकी लांबट व वाटोळी अशी निरनिराळी असतात, म्हणून छापील मापावर विसंबू नये, घालून पाहावे. ते भुवयांच्या वर दोन बोटांवर, सरळ बसले पाहिजे. मागे कललेले नको. पट्टा बांधून डोके न हलविता शिरस्त्राण हातांनी डावी-उजवीकडे फिरवावे. कपाळाची व गालांची कातडी त्याच्याबरोबर हलली तर माप बरोबर; ते नुसतेच फिरले तर मोठे आहे. मग मागील कड धरून वर व पुढे ढकलावी. ते डोक्यावरून निघून आले, तर अपघातातही निघून येईल, हे समजावे. दहा-पंधरा मिनिटे घालून दुकानात बसावे. कपाळावर एखाद्या जागी ठणका लागला तर दुसरे पाहावे. नवे थोडे घट्ट असलेले बरे, कारण आतील गादी वापराने सैल होते. "मुलगा वाढत आहे, मोठेच घ्या" हा हिशेब शाळेच्या गणवेशास ठीक. येथे तो घातक आहे.

तिसरी गोष्ट पट्ट्याची. पट्टा न बांधलेले शिरस्त्राण धक्क्याच्या आधीच उडून जाते. पट्टा व हनुवटी यांत दोन बोटे जातील इतके अंतर ठेवावे. पट्टा मापाप्रमाणे आवळत नसेल किंवा कडी सुटत असेल, तर वस्तू कितीही सुंदर असली तरी घेऊ नये.

पैशाचे म्हणाल, तर खूण असलेले साधे, संपूर्ण चेहरा झाकणारे शिरस्त्राण हजार-बाराशे रुपयांच्या आसपास मिळू शकते. हनुवटीचेही रक्षण होते म्हणून संपूर्ण चेहरा झाकणारे घ्यावे; अर्ध्या टोपीचा मोह टाळावा. चित्रे, मागचे पंख, चकचकीत रंग यांना पैसे लागतात, त्यांनी डोके वाचत नाही. काच पारदर्शक घ्यावी. काळी काच रात्री आंधळे करते. बाराशे रुपये पाच वर्षांवर वाटले, तर महिन्यास वीस रुपये पडतात. तेवढ्यात हॉटेलात दोन कप चहाही येत नाही. नवी दुचाकी घेताना मानकाप्रमाणे शिरस्त्राण देण्याची तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. ते विक्रेत्याकडे आवर्जून मागावे, आणि दुसरे आपल्या पैशाने घ्यावे. एका गाडीस दोन, हे माप लक्षात ठेवावे. दुसऱ्याचे वापरलेले विकत घेऊ नये, कारण ते पूर्वी आदळले आहे किंवा काय, हे बाहेरून दिसत नाही.

घेतल्यावर निगाही राखावी. एकदा जोराने आदळलेले शिरस्त्राण बाहेरून चांगले दिसले तरी बाद करावे. आतील थर एकदाच चेपला जातो. पेट्रोल, रॉकेल, थिनर लावून पुसू नये, त्याने थर विरघळतो. साध्या साबणाचे पाणी पुरे. उन्हात गाडीवर टांगून ठेवू नये.

उकाड्याची तक्रार खरी आहे. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो. हवेची छिद्रे असलेले, फिक्या रंगाचे घ्यावे. आत पातळ सुती कापडाची टोपी घालावी व ती रोज धुवावी. जाड उपरणे किंवा गमछा आत गुंडाळू नये, त्याने माप बिघडते. भगिनींनी अंबाडा वर न बांधता वेणी मानेशी खाली सोडावी, म्हणजे शिरस्त्राण नीट बसते. लहान मुलांविषयी सांगावयाचे तर, चार वर्षांवरील प्रत्येकास शिरस्त्राण हवे, असा कायदा आहे. नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी त्यांच्या मापाचे शिरस्त्राण, चालकाशी बांधण्याचा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा, हे नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहेत. आणि रस्त्यात कोणी पडलेला दिसल्यास त्याच्या डोक्यातील शिरस्त्राण ओढून काढू नये, मान हलू देऊ नये. काच वर करावी, श्वास चालू आहे का पाहावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शेवटी मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. गुणगौरव समारंभात आपण विद्यार्थ्यांना स्मृतिचिन्हे देतो. ती कपाटात धूळ खातात. महाविद्यालयात जाणाऱ्या गुणवंतांना त्याऐवजी त्यांच्या मापाचे शिरस्त्राण द्यावे, मुलींनाही द्यावे. दुसरे, मंडळाने मागणी एकत्र करून घाऊक भावाने खरेदी करावी, म्हणजे गरीब सभासदासही खरी वस्तू परवडेल. माप घेण्याचे काम आम्ही निवृत्त शिक्षक आनंदाने करू. तिसरे, लग्नात जावयास मोटारसायकल देण्याची जी चढाओढ लागली आहे, ती बंद व्हावी असेच आमचे मत आहे. पण ज्या घरी गाडी आहे, त्या घरच्या वडीलधाऱ्यांनी एवढा नेम करावा की, दोन्ही शिरस्त्राणे खाली आल्यावाचून किल्ली हातात द्यावयाची नाही. कायद्याचा पोलीस चौकात उभा असतो, तो रोज भेटतोच असे नाही; आजी-आजोबा उंबऱ्यावरच बसलेले असतात.

सर सलामत तो पगडी पचास, असे आपले वाडवडील म्हणत. आता डोके सलामत राखणारी पगडी बाजारात मिळते. ती पारखून घेणे, मापाची घेणे आणि नित्य घालणे एवढेच आपल्याकडे उरले आहे. पुढील वर्षीच्या संमेलनास आपण सर्व जण, एकही खुर्ची रिकामी न राहता, पुन्हा येथे भेटू या, हीच परमेश्वरचरणी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.