मंदिराचे बळ भिंतीच्या पोटात

(जीर्णोद्धार समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



जीर्णोद्धार म्हटला की शिखर, कळस, संगमरवरी फरशी आणि रंगकाम यांची चर्चा प्रथम होते. ते स्वाभाविकच आहे. परंतु आज मला बोलावयाचे आहे ते डोळ्यांना न दिसणाऱ्या कामाविषयी.

२९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून लोक दमूनभागून झोपले होते. ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात धरणी हादरली. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत सरकारी आकड्यांनुसार जवळजवळ आठ हजार माणसे गेली. भूकंपाच्या तत्कालीन नकाशात हा मुलूख सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तेव्हा ‘आपल्या मराठवाड्यात भूकंप होत नाही’ या भरवशावर कोणी राहू नये.

जगात याहून मोठे भूकंप होतात, आणि तेथे एवढी माणसे दगावतातच असे नाही. किल्लारीत माणसांचा जीव घेतला तो घरांनी. ती घरे कशी होती? दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे माळवद. रुंद भिंत म्हणजे मजबूत भिंत, असा आपला समज. पण ती एक भिंत नसतेच. आतून एक थर, बाहेरून एक थर, आणि मध्ये चिपा व माती. दोन्ही थरांना जोडणारा दगड नाही. हादरा बसताच भिंतीने पोट काढले, थर सुटले आणि माळवद खाली आले. त्याचे ओझे किती, याचा हिशेब करून पाहा. दहा फूट लांब-रुंद खोलीवर दीड फूट माती असेल, तर तिचे वजन साडेसहा टनांच्या घरात जाते. दरवर्षी गळती थांबविण्यासाठी आपण वर माती टाकत जातो आणि नकळत हे ओझे वाढवितो.

यावर उपाय खर्चिक नाहीत. दगडी भिंत बांधताना दर दोन फूट उंचीवर, चार-चार फुटांच्या अंतराने, भिंतीच्या आरपार जाणारा दगड गवंड्याकडून बसवून घ्यावा. तेवढा लांब दगड न मिळाल्यास सळई घातलेला काँक्रीटचा ठोकळा चालतो. भिंतीची रुंदी दीड फुटापेक्षा जास्त नको. दारे-खिडक्या कोपऱ्याला चिकटवू नयेत. दारा-खिडक्यांच्या वर, सर्व भिंतींवरून न तुटता फिरणारा सळईचा काँक्रीट पट्टा घालावा; बैलगाडीच्या चाकाला धाव जशी आवळून धरते, तसा तो घराला धरतो. कोपऱ्यावर सळया तोडू नयेत, वळवून पुढे न्याव्यात. आणि काँक्रीटला निदान सात दिवस पाणी मारावे.

जुन्या भिंतीही सावरता येतात. भिंतीला ठरावीक अंतरावर हलक्या हाताने आरपार भोक पाडावे, त्यात दोन्ही टोकांना आकडे केलेली सळई ठेवावी आणि काँक्रीट भरावे. माळवदावरची जादा माती उतरवावी. किल्लारीनंतर घरांच्या मजबुतीकरणासाठी हेच उपाय सांगितले गेले.

आता मंदिराविषयी. जीर्णोद्धारात एक चूक सर्रास होते. भिंत जुनी, दगडमातीची. आणि तिच्यावर नवा जड स्लॅब व उंच शिखर चढविले जाते. वजन जितके अधिक आणि जितके उंच, तितका भूकंपात खालच्या भिंतीवरचा ताण अधिक. सभामंडप ऐसपैस व्हावा म्हणून मधला खांब काढणे हाही तसाच अविचार. सप्ताहाला, काल्याच्या कीर्तनाला शेकडो माणसे, लेकरेबाळे या छपराखाली बसतात. त्यांचा भार त्या खांबावर आहे, हे विसरू नये. शिखरावर वीज पडण्याचे भय असते. म्हणून कळसापासून जमिनीत खोल नेलेली वीजवाहक तार अवश्य बसवावी.

आपल्या उस्मानपुऱ्यात तर स्टेशन रोडवर शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तंत्रनिकेतनही आहे. घरची गंगा सोडून दूर जाण्याचे कारण नाही. काम काढण्यापूर्वी जाणकार अभियंत्याकडून पाया आणि भिंती तपासून घ्याव्यात, अशी माझी विश्वस्तांना विनंती आहे.

देणगीदारांनाही एक सांगणे आहे. पायरीवर, घंटेवर, फरशीवर नाव कोरता येते. भिंतीच्या पोटातल्या दगडावर ते कोरता येत नाही. कोरले तरी कोणी वाचणार नाही. तरीही काही देणगी त्या दगडासाठी, त्या पट्ट्यासाठी द्यावी. आणि हीच काळजी आपापल्या घरीही घ्यावी. देवाचे घर भक्कम झाले आणि भक्तांची घरे कच्चीच राहिली, तर हा जीर्णोद्धार अर्धाच म्हणावा लागेल.