परवान्याचा जुगार

आमच्या नाशकात सरकारी नोटा छापतात. त्या पत्त्यांवर उधळण्याचे परवाने देणारा कायदा मुंबईत १९७६ साली झाला. तो कधीच अमलात आला नाही; दप्तरात पडून राहून २०२३ साली रद्द झाला. गोव्याने मात्र मांडवीतल्या जहाजांवर जुगाराला जागा दिली.

पोकरचे कैवारी म्हणतात, हा कौशल्याचा खेळ. असेल! रमीविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली तसे म्हटलेच आहे. परंतु कौशल्य चालते ते समोरच्या गड्यावर. डाव मांडणारा आपला वाटा आधीच काढून घेतो. २०२५ च्या ऑगस्टात संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांना बंदी करताना कौशल्य की नशीब हा भेदच मानला नाही, हे मला रास्त वाटते. चोरवाटेने डाव चालतील, ही भीती खरी आहे. पण घरातल्या मुलाच्या फोनवर त्यांना सरकारी शिक्का तरी नसेल.