बोटीत पाय ठेवण्याआधी



दिवाळी झाली, भात घरात आले, की अनेक बचत गटांत एकच विषय निघतो, सहलीचा. देवदर्शन झालेले असते. मग कुणीतरी म्हणते, यंदा समुद्र बघू. मालवणला जाऊ, सिंधुदुर्ग किल्ला बघू, बोटीतून आत जाऊन पाण्याखालचे रंगीत मासेही बघू. त्यावर दुसरी म्हणते, "मला कुठे पोहता येतं?" आणि विषय तिथेच थांबतो. तो थांबू नये म्हणून आजचे हे बोलणे. पोहता न येणारी बाईसुद्धा समुद्रात जाऊन सुखरूप परत येऊ शकते. मात्र तयारी घरापासून करावी लागते.

पहिली गोष्ट दिवस निवडण्याची. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत आमच्याकडे पर्यटनाच्या बोटी बंद असतात. पाणी निवळ दिसते ते साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातही तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण असते. पाण्याला ओढ जास्त असते आणि तळाची रेती उठून पाणी गढूळ होते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी शांत राहते. कोकणात जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहाच्या सुमाराला. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. वद्य पक्षातही प्रतिपदेपासून पुन्हा हाच हिशेब. थोडे मागेपुढे होते, पण कालनिर्णय हातात असले की अंदाज येतो. आणि जायचे ते सकाळी. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि लाटा वाढतात.

दुसरी गोष्ट बोट ठरवण्याची. अख्खी बोट गटासाठी ठरवताना फक्त भाडे विचारू नका. बोटीला महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना आहे का? किती माणसांची परवानगी आहे? विमा आहे का? लाइफ जॅकेट माणशी एक आहे का, मुलांच्या मापाचे आहे का? पाण्यात उतरताना सोबत गाइड किती? हवा बिघडली तर आगाऊ दिलेले पैसे परत मिळणार का? या प्रश्नांची उत्तरे मोबाइलवर लिहून मागवा. चांगला बोटवाला रागावत नाही, उलट त्याला बरे वाटते. "ताई, तुम्ही या तर खरं, मग बघू," असे जो म्हणतो, त्याला आपणच नंतर बघू म्हणावे.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. आपली गाडी रात्रभर प्रवास करून येते. प्रत्येकीने हजार-दोन हजार रुपये साठवून दिलेले असतात. घरी सासू, नवरा, मुले यांची व्यवस्था लावून एक दिवस मिळालेला असतो. किनाऱ्यावर पोचल्यावर वारा जोरात असतो, किंवा वीस जणांच्या बोटीत तीस जण बसवलेले दिसतात. अशा वेळी "नको" म्हणायला जीभ उचलत नाही. म्हणून ते "नको" गटाच्या बैठकीतच ठरवून ठेवा. दोन बायका नेमा. त्या दोघींपैकी एकीने जरी नाही म्हटले, तरी बोटीत कुणी चढायचे नाही. त्यावर वाद नाही आणि नंतर टोमणेही नाहीत. हे ठरावाच्या वहीत लिहा.

हे भीती घालायला सांगत नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून माणसे गेली. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत गेटवेहून निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि दहाहून जास्त जीव गेले. अपघात आपल्या हातात नसतो, पण लाइफ जॅकेट आपल्या अंगावर असणे हातात असते. ते बोटीत चढण्याआधी घाला. बक्कल लावा, पट्टे आवळा. मग मैत्रिणीला सांगा, माझे जॅकेट खांद्याला धरून वर उचल. ते कानांपर्यंत सरकले तर सैल आहे, पुन्हा आवळा. फोटोसाठी काढायचे नाही. आणि डॉल्फिन दिसला म्हणून सगळ्यांनी एका बाजूला धावायचे नाही, बोट तिकडे कलते.

कपड्यांचे बोलू. साडी भिजली की जड होते आणि पायांत गुंतते. त्या दिवशी पंजाबी ड्रेस घाला, ओढणी मात्र खोलीवर ठेवा. लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट त्याहून बरा, उन्हातही बरा. दागिने घरी. चष्म्याला मागून दोरी बांधा. मोबाइल आणि औषधे प्लास्टिकच्या पिशवीत. पाळी आली म्हणून मागे राहू नका, जमत असेल तर खुशाल या. पण गरोदर बाई, दमा, फिट्स, हृदयाचा त्रास किंवा कानाचे दुखणे असलेल्या बाईने आधी डॉक्टरांना विचारावे आणि गाइडलाही सांगावे. लपवू नये.

बोट लागते त्यांनी उपाशी येऊ नये आणि पोट फुगेस्तोवर खाऊनही येऊ नये. सकाळी भाकरी किंवा दोन इडल्या, सोबत आलेपाकाची वडी. बोटीत मधोमध बसा, नजर लांब क्षितिजावर ठेवा, मोबाइलमध्ये नको. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधी घ्यायची असते, मळमळू लागल्यावर नव्हे. तिने झोप येते, म्हणून गोळी घेतलेलीने पाण्यात उतरू नये.

स्नॉर्केलिंग म्हणजे तोंडात नळी, डोळ्यांवर काच आणि पाण्यावर पालथे तरंगणे. खोल बुडी मारायची नसते. नाक बंद असते, श्वास तोंडाने. याची सवय घरीच करा. नाक चिमटीत धरून पाच मिनिटे तोंडाने संथ श्वास घ्या. काचेच्या कडेखाली केस अडकले तर पाणी आत शिरते, म्हणून केस मागे घट्ट बांधा. घाबरल्यासारखे झाले तर हात वर करा, गाइड बाहेर काढतो. खाली प्रवाळ दिसेल. तो दगड नाही, जीव आहे. त्यावर उभे राहू नका, तोडू नका. माशांना पाव टाकू नका.

गरी टाकून मासे धरणार असाल तर दोरी हाताला गुंडाळू नका. शिंगाळ्याला हात लावू नका, त्याचा काटा विषारी असतो. टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा.

निघताना बंदरावर बावटा लागला आहे का, ते विचारा. तीन नंबरचा बावटा म्हणजे आज जायचे नाही. मोबाइलमध्ये ११२ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे दोन नंबर ठेवा. चढताना डोकी मोजा, उतरताना पुन्हा मोजा.

एक शेवटचे सांगते. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडीतून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. पहिल्यांदाच जाणाऱ्या गटाने तिथूनही सुरुवात करावी. खाडीचे पाणी संथ असते, आणि वल्हे बाईच्या हातात बघितले की आपलीही भीती निम्मी होते.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत वही काढा, कालनिर्णय काढा, तिथी बघा. आणि त्या दोघींची नावे आधी लिहा.