वकील मध्यस्थ होतो तेव्हा
(विहाराच्या वर्धापनदिनी तळवडे येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



बाबासाहेबांनी १९२३ साली मुंबईत वकिली सुरू केली. तेव्हापासून एखादं पोर वकील व्हावं ही आपल्या घराघरातली इच्छा. पण वकील म्हटला की डोळ्यांसमोर येतो तो काळा कोट आणि तारखा. याच धंद्यात मुरलेली काही माणसे आता दोन भांडणाऱ्यांच्या मधे बसतात, त्यांच्याविषयी बोलतो.

मद्रासचे ज्येष्ठ वकील श्रीराम पंचू यांचे उदाहरण घ्या. अनेक वर्षे वकिली केली आणि २००५ साली मद्रास हायकोर्टात मध्यस्थी केंद्र उभे करण्यात पुढाकार घेतला. आसाम-नागालँड सीमेचा वाद सुप्रीम कोर्टाने त्यांच्याकडे सोपवला होता. २०१९ मध्ये अयोध्येच्या वादातही तिघांच्या समितीत ते होते. तिथे तोड निघाली नाही, निकाल कोर्टालाच द्यावा लागला. म्हणजे मध्यस्थी ही काही जादू नव्हे.

मध्यस्थ हा पंच नाही, लवादही नाही. तो निकाल देत नाही. जातपंचायतीसारखा दंड तर नाहीच नाही. वाळीत टाकणे हा महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे. मध्यस्थ फक्त बोलते करतो. आधी दोघांना समोरासमोर, मग एकेकाला वेगळे बसवून. वेगळे बसवून ऐकलेले तो परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगत नाही, आणि तिथले बोलणे पुढे कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही.

हे वेगळे बसवणे फार महत्त्वाचे, आणि ते आपल्या भागात पटकन पटेल. तळवडे-चाकण पट्ट्यात कारखाने आले, गुंठ्याला भाव आला आणि सख्खी भावंडे कोर्टात उभी राहिली. भाऊ म्हणतात, "ताईला काय नको, ती हक्कसोडपत्रावर सही देते." ताई मान खाली घालून बसते. एकटी असली की मग बोलते: हिस्सा मागितला तर माहेर तुटेल. २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. आणि वडील तेव्हा हयात असण्याची गरज नाही, असे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितले. हिंदू वारसा कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे, हे पुष्कळांना ठाऊकच नसते!

जज हिस्से पाडून देतील. पण आईला कोण सांभाळणार, राहते घर कुणाकडे, ताईला जमीन हवी की रक्कम, ती कधी आणि किती हप्त्यांत, हे मध्यस्थापुढेच नीट ठरते. ठरलेले लिहून, सगळ्यांच्या सह्या होऊन कोर्टात गेले की त्याचा हुकूमनामा होतो. मात्र एक वारस जरी बाहेर राहिला, तरी पुन्हा नवा दावा उभा राहतो. आणि जमीन महार वतनाची असेल तर आपसात कितीही ठरो, कलेक्टरच्या परवानगीशिवाय विक्री करता येत नाही. दलाल हे सांगत नाही.

आता एक गोष्ट ठासून सांगतो. प्रत्येक ठिकाणी "मिटवून टाका" चालत नाही. अॅट्रॉसिटीचा गुन्हा कायद्याने आपसात मिटवण्याजोगा नाही. गावातले कुणी चहा पाजून "कशाला वाढवता" म्हणू लागले, तर त्याला मध्यस्थी म्हणत नाहीत, तो दबाव आहे. नवऱ्याची मारहाण सोसणाऱ्या बाईलाही आधी संरक्षण मिळाले पाहिजे. तिला भीती वाटत असताना चर्चेला बसवू नये. चांगला मध्यस्थ अशा वेळी स्वतःच थांबतो.

आपला दावा चालू असेल तर आपल्या वकिलामार्फत कोर्टाला मध्यस्थीसाठी अर्ज करता येतो. कोर्टाच्या केंद्रात मध्यस्थाला पक्षकाराने फी द्यायची नसते. अनुसूचित जातीच्या माणसाला आणि कुठल्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे, किंवा १५१०० या नंबरवर फोन करावा. जाताना सातबारा, फेरफार आणि सगळ्या वारसांची नावे बरोबर न्या. बहिणींची सुद्धा.