जुन्या गाडीची पाठ

मागून बसणारी धडक किती जबर ठरते, हे वेगाइतकेच वजनावर अवलंबून असते. सुमारे ९०० किलोची प्रीमियर पद्मिनी उभी असताना तेवढ्याच वजनाची मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने मागून आदळून अडकली, तर दोन्ही मिळून साधारण २५ च्या वेगाने पुढे जातात. त्या जागी १६ टनांचा ट्रक असेल, तर पद्मिनीला निमिषार्धात जवळजवळ ४७ चा वेग मिळतो. कसारा घाटाच्या वाटेवर असे ट्रक सतत मागे असतात. शहापूर-डोळखांब रस्त्यावर पावसात गुरे आडवी आली की अचानक ब्रेक मारावा लागतो, तेव्हाही मागच्या गाडीला थांबायला जागा उरत नाही.

पद्मिनीचा मूळ आराखडा १९५३ च्या फियाट ११०० चा. तिला वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. अपघातात गाडीची दोन्ही टोके चेपावीत आणि मधली केबिन शाबूत राहावी, हा अभियंते बेला बारेन्यी यांचा विचार मर्सिडीझच्या उत्पादनात १९५९ मध्ये उतरला. कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी मात्र विसावे शतक सरेपर्यंत जवळपास जुन्याच आराखड्यावर निघत राहिली. २००३ मध्ये नोंदलेली मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

जुन्या जीपची रचना याच्या उलट आहे. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत जोडलेल्या विलिस जीपला जाड लोखंडी चासी होती. मागून धडक बसली तरी ती सहसा चेपत नाही आणि नेमका हाच तिचा दोष आहे. जो धक्का पत्र्याने खायचा, तो माणसांपर्यंत पोहोचतो. मागे समोरासमोरच्या बाकांवर बसलेल्यांच्या अंगावर तो आडवा येतो आणि त्यांना धरायला पाठ नसते.

म्हणून बॉडी मजबूत करताना आधी ठरवावे लागते, की काय मजबूत करायचे आणि काय नाही. डिकीच्या मागे जाड अँगल किंवा पाइपचा गार्ड लावला की पार्किंगमधले ओरखडे टळतात. मोठ्या धडकेत मात्र तो गार्ड चेपणारा भाग वगळून धक्का थेट केबिनकडे ढकलतो. डिकी चेपू द्यावी. खरी डागडुजी हवी ती गंजलेल्या जागी: डिकीचा तळ, दरवाज्याखालची पेटी, स्प्रिंगचे पाटे जिथे बॉडीला धरतात ते कोपरे आणि सीटचे बोल्ट बसतात तो फ्लोअर. कोकणपट्टीच्या पावसात पाणी आणि चिखल याच पोकळ्यांत साचून राहतात, म्हणून पत्रा आतून खाल्ला जातो. वरून पुट्टी भरून रंग मारल्याने त्याचे बळ परत येत नाही. कुजलेला भाग शाबूत पत्र्यापर्यंत कापून, त्याच जाडीचा नवा पत्रा वेल्ड करून आतून गंजरोधक लेप द्यावा लागतो. हे काम खर्चिक आहे, दिसतही नाही. तरी पैसे इथेच घालावेत.

धडकेनंतर सीट पुढे जाते, पाठ तिच्यासोबत जाते आणि डोके मागे राहते. मानेची इजा होते ती त्या क्षणी. अमेरिकेत १ जानेवारी १९६९ पासून नव्या मोटारींच्या पुढच्या सीटला डोक्याचा आधार सक्तीचा झाला. पद्मिनीची पुढची सोफा-सीट खांद्याखालीच संपते. आधार असलेली सीट बसवायची तर तिची पट्टी नुसत्या पत्र्याला नव्हे, फ्लोअरखाली जाड प्लेट देऊन आवळावी. आधाराचा वरचा काठ निदान कानाच्या वर यावा आणि डोके त्याच्या जवळ असावे.

डिकीत सीएनजीचे सिलिंडर असेल तर त्याचे पट्टे आणि ब्रॅकेट याच नजरेने तपासावेत. सिलिंडर स्वतः जाड पोलादाचे असते. आधी सुटतो तो पट्टा किंवा नळीचा जोड. सिलिंडरची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते.

अशा बदलांवर कायद्याची मर्यादा मोठी आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा व्हिंटेज क्रमांक मिळतो, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार केलेला नसावा, ही त्याची अट आहे. गंजलेला पत्रा मूळ आकारात पुन्हा बसवणे आणि नवा सांगाडा जोडणे यांत म्हणूनच फरक राखावा लागतो. मागचे छोटे दिवे स्वच्छ ठेवणे, त्यांच्या अर्थिंगचा गंज काढणे, ब्रेकचा दिवा पेटतो का ते निघण्यापूर्वी पाहणे आणि लाल परावर्तक लावणे याने बॉडीला हातही लागत नाही, आणि मागच्या ट्रकवाल्याला ब्रेक मारायला वेळ मिळतो.