पावसाळ्यातली पुळण

(भूगोल परिषदेच्या वार्षिक अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)



  ज्यांनी मला किनारा वाचायला शिकवले ते गुरुजन आज हयात नाहीत. त्यांचे स्मरण करतो.

अध्यक्षाने आपल्या विषयाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. किनारी भूगोलाचा आढावा चार वाक्यांत होतो. दूरसंवेदन आले, जीआयएस आले. 1972 पासूनच्या लँडसॅट प्रतिमा फुकट मिळू लागल्या आणि किनारारेषेच्या बदलांवर प्रबंधांमागून प्रबंध झाले. किनारा नियमन क्षेत्राची (सीआरझेड) अधिसूचना 1991 साली निघाली, 2011 आणि 2019 मध्ये नव्याने निघाली. आढावा इथेच थांबवतो, कारण पस्तीस वर्षे मनात साठलेली एक गोष्ट आज मला बोलायची आहे. आपल्या विद्यापीठांनी कोकणचा समुद्र काम करताना पाहिलेलाच नाही.

आपल्या अभ्याससहली कधी निघतात? डिसेंबर-जानेवारीत. जून-जुलै प्रवेशात जातात, ऑक्टोबर परीक्षेत, मग दिवाळी. त्यानंतर हमीपत्रे गोळा होतात आणि बस ठरते. आणि समुद्र कधी काम करतो? जून ते सप्टेंबर. त्या चार महिन्यांत उंच, अंगावर येणाऱ्या लाटा पुळणीची वाळू ओढून नेतात आणि थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा दांडा घालतात. ऑक्टोबरनंतर लांब, संथ लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. डिसेंबरात विद्यार्थी लेव्हल लावतो तेव्हा पुळण निम्मीअधिक भरून आलेली असते. तो प्रामाणिकपणे मोजतो आणि लिहितो, ‘किनारा स्थिर आहे.’

मीही तेच लिहिले होते. दापोली तालुक्यातल्या एका पुळणीची लागोपाठ तीन डिसेंबरांची मोजमापे घेऊन मी निबंध वाचला, टाळ्याही मिळाल्या. माझी मोजणीची काठी आणि खुंट्या तिथल्या एका कोळीबांधवाच्या झापात ठेवलेल्या असत. तो म्हणाला, ‘‘सर, तुमी दर्या निजल्यावर येता. आषाढात या.’’ पुढच्या जुलैत एसटीने एकटाच गेलो. सुरूच्या बनाच्या कडेला मी खुंटी ठोकली होती. तिथे आता माझ्या छातीइतका उभा कडा होता आणि सुरूची मुळे वाऱ्यावर लोंबत होती. खाली काळा कातळ उघडा पडला होता. तीन वर्षे त्या कातळावर उभा राहून मी मोजत होतो आणि तो तिथे आहे हे मला ठाऊक नव्हते. त्या रात्री मुक्कामाच्या खोलीत मी माझ्या निबंधाचा निष्कर्ष खोडला.

त्यानंतर विद्यार्थ्यांना जुलैत नेण्याची परवानगी मी अकरा वेळा मागितली. अकराही वेळा उत्तर एकच आले : ‘पावसाळ्यात सहल? जबाबदारी कोणाची?’ मुले बुडाल्याच्या बातम्या मीही वाचल्या आहेत आणि त्या रात्री मला झोप लागलेली नाही. पण ओहोटी कधी, भरती कधी, पाणी आत कुठे ओढते, हे गावात कोणालाही न विचारता पाण्यात उतरलेली ती मुले होती. हे शिकवण्याचे काम आपले होते. तिथीला पाऊणने गुणले की कोकणात भरतीची वेळ साधारण मिळते. अष्टमीला सहा, अमावास्येला सव्वाअकरा. खाडीकाठच्या पोरांना येणारे हे गणित भूगोलाच्या एमएच्या विद्यार्थ्याला येत नाही, याची मला लाज वाटते.

प्रत्यक्ष पाहणी श्रेष्ठ की उपग्रह, हा वाद काल दोन सत्रे चालला. माझा अनुभव सांगतो. एका विद्यार्थ्याने पडद्यावर दाखवले की त्याची पुळण दोन वर्षांत ऐंशी मीटर मागे हटली. मी प्रतिमांच्या तारखांवरून तिथी काढायला सांगितली. उपग्रह ठरल्या वेळी सकाळी डोक्यावरून जातो. एका दिवशी तेव्हा ओहोटी होती, दुसऱ्या दिवशी भरती चढत होती. पन्नासास एक उताराच्या पुळणीवर पाणी दोन मीटर चढले की पाण्याची कड शंभर मीटर आत येते. शिवाय पावसाळ्यात ढगांमुळे आपल्या कामाची प्रतिमा क्वचितच मिळते. म्हणजे बस आणि उपग्रह, दोघेही उघडिपीतच किनाऱ्यावर पोचतात. वाद माझ्यापुरता तिथेच मिटला.

फक्त डिसेंबरात जाण्याची किंमत कोण मोजतो? 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. नंतर एका अधिकाऱ्याने मला विचारले, ‘‘वादळाने पुळण किती खाली गेली? आधीचे माप आहे?’’ माझ्याकडे डिसेंबरचे होते, मे महिन्याचे नव्हते. मी त्यांना उत्तर देऊ शकलो नाही.   आणि ज्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांवर कोट्यवधी रुपये जातात, त्यांची टोके जुलैत जाऊन बघा. दगड संपतो तिथून पुढच्या माणसाची वाडी खचते.

काय करायचे? प्रत्येक किनारी महाविद्यालयाने एक पुळण दत्तक घ्यावी, कायमचा खुणेचा दगड बसवावा, बाराही महिने मोजावे. खर्चाचे कारण सांगू नका. एमरी या संशोधकाने 1961 मध्ये दोन काठ्या आणि क्षितिज एवढ्यावर पुळण मोजायची पद्धत दिली. पावसात क्षितिज दिसत नाही, तेव्हा मी गवंड्याची पाण्याची नळी वापरतो. नोंदवही, निधी, विमा यांचे कार्यकारिणी बघेल. माझे तिच्याशी बोलणे झाले आहे.

माझ्याकडे आता फार पावसाळे उरलेले नाहीत. येत्या आषाढ अमावास्येला मी दापोलीतल्या त्याच पुळणीवर असेन. भरती सव्वाअकराची, म्हणजे पूर्ण ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. काम चारला सुरू करू. पाण्यात कोणी उतरणार नाही. दोर आणि गावातले दोन कोळी सोबत असतील. ज्यांना यायचे आहे त्यांनी दाराजवळच्या वहीत नाव लिहावे. प्राचार्यांच्या परवानगीचे पत्र मी स्वतः मागेन, बाराव्यांदा.